खड्ड्याला थुंकता येत नाही

परशरामच्या परड्यात एक खड्डा होता आणि खड्ड्यावर लोखंडी टोपी. खड्ड्यात शेणाचा काला आंबायचा, गॅस धरायचा, आणि गॅस धरला की झोपेतून उठलेल्या माणसानं मान वर करावी तशी ती टोपी हळूहळू वर यायची. गोठ्यात चार म्हशी होत्या तेव्हा टोपी दिवसभर वरच असायची. कंग्राळीत गोबरगॅस आणणारा आपण पहिला, हे परशराम आल्यागेल्याला न विचारता सांगायचा. पण म्हशी एकेक करून गेल्या आणि एकटी चंद्री उरली. तिच्या शेणावर टोपी जेमतेम टाचा उचलायची आणि सकाळचा चहा झाला की परत बसकण मारायची.

त्यात गावाची जत्रा ठरली. लक्ष्मीची जत्रा, तीही कित्येक वर्षांनी. घरोघरी भिंती खरवडायला सुरुवात झाली, चुन्याची पोती आली, लेकीबाळींना सांगावे गेले. एका संध्याकाळी परशरामचा मुलगा युवराज उद्यमबागच्या कारखान्यातून आला, गाडी लावली आणि हातपाय न धुताच परड्यात जाऊन पावलांनी जागा मोजायला लागला.

"काय रं, काय मोजतोयस?" परशरामनं विचारलं.

"मांडवाची जागा. जत्रंला पावणं काय थोडं हाईत? जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय. परडं सपाट करून घिऊया. त्यातच हा खड्डाबी मुजवायचा."

"कुठला खड्डा?"

"आता परड्यात दुसरा कुठला हाय, आप्पा?"

परशराम ओट्यावरून उठला. हा खड्डा त्यानं स्वतः खणला होता. त्याची कारभारीण रुक्माबाई आयुष्यभर चुलीच्या धुरात डोळे चोळत बसली होती. निळ्या जाळावरची पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली होती. रुक्माबाई गेली, खड्डा राहिला. तो मुजवायचा म्हणजे काय!

"चालतोय की अजून," तो म्हणाला.

"एका माणसाच्या चहापुरता. दुसऱ्यानं मागितला की मंगल सिलेंडर पेटवती. विचारा तिला."

मंगल, त्याची सून, दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला मधी घालू नका. मी दोघांच्याबी चहाला आधण ठेवतो."

परशरामचं डोकं फिरलं. "आन ह्या खड्ड्यावर पुरण शिजवून दावलं तर?"

युवराज मोठ्यानं हसला. "पुरण? आप्पा, डाळ शिजायला लागतीय तवर तुमची टोपी तळाला जाऊन झोपंल!"

"शिजवलं तर?"

"बरं. आक्काआत्या जत्रंला येणार न्हवं? त्या दिवशीचं सगळं पुरण सिलेंडरला हात न लावता शिजलं, तर खड्डा ऱ्हाईल. न्हाय शिजलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी. मग कुरकुर करायची न्हाय."

"ठरलं!"

"मी ऐकलंय हं," मंगल म्हणाली. "पुरण मलाच घालायचंय."

पैज मारून झाली आणि मग परशरामला आठवलं की शेण वाढवायचं कसं, हे काही आपल्याला ठाऊक नाही. चंद्रीला दमात घेतलं म्हणून ती काही जास्त शेण टाकणार नव्हती.

रविवारी निवेदिता दूध न्यायला आली. ती टिळकवाडीची, बेळगावातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या वडिलांच्या दारात परशरामनं सायकलवरून वर्षानुवर्षं दूध घातलं होतं. आता तो जाईनासा झाल्यावर तीच स्कूटरवरून यायची. परशरामनं तिला खड्ड्याची सगळी कथा ऐकवली.

तिनं परड्यातल्या गंजीकडं बोट केलं. मळणीनंतर उरलेलं भाताचं पिंजर तिथं रचून ठेवलं होतं. एकट्या चंद्रीला ते कधीच सरत नव्हतं. उरलेलं पिंजर दरसाल पेटवून द्यावं लागायचं.

"आप्पा, गॅस तर तुमच्या त्या गंजीत आहे. आमची पोरं कॉलेजात हेच करून बघताहेत."

"पिंजरात? ते घातलंतं की मी एकदा. वर तरंगून जट धरली त्येची, काढता काढता नाकी नऊ आले."

"तसंच घातलं तर तरंगणारच. म्हैस काय करते? चावते, गिळते, परत वर आणून रवंथ करते. खड्ड्याला दात कुठं आहेत? गॅस करणारे जे बारीक जंतू आत असतात ना, त्यांना काडीत शिरताच येत नाही. काडीवर कडक कवच असतं. ते आधी आपण ढिलं करून द्यायचं. बारीक कापायचं, चुन्याच्या पातळ पाण्यात भिजवायचं..."

परशराम बोलता बोलता तळहातावर तंबाखू मळत होता. निपाणीचा अस्सल माल, आणि त्यावर डबीतला बोटभर चुना. 'चुना' म्हटल्याबरोबर त्याचा अंगठा थांबला. तो आपल्या तळहाताकडं बघतच राहिला.

"बाई! म्हंजे हे तंबाखूगतच की! नुसती तंबाखू म्हंजे पाला. चुना लावून मळली की तिच्यातलं पाणी बाहीर येतंय!"

निवेदिताला हसू आवरेना. "थोडंफार तसंच, आप्पा." मग ती बराच वेळ समजावून सांगत होती. चुना अगदी थोडा, झाकून ठेवायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग निथळून शेणात मिसळून हळूहळू घालायचं. परशराम प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" करत होता. पण 'तंबाखूगत' या शब्दाशीच त्याचे कान बंद झाले होते. पन्नास वर्षं तंबाखू मळणाऱ्याला चुन्याचं काय शिकवायचं?

स्कूटर कोपऱ्यावर वळली न वळली तोच तो कामाला लागला. भिंतीसाठी आणलेल्या चुन्यातून त्यानं घमेलं भरून घेतलं. पाणी टाकून दाट खळ केली. पिंजराच्या पेंढ्या सोडून त्यात लोळवल्या आणि दोन्ही पायांनी अशा मळल्या की गुडघ्यापर्यंत तो पांढरा झाला. मुरू देणं वगैरे त्याच्या मनातही आलं नाही. मळलेली तंबाखू कुणी उद्यासाठी ठेवतं काय? मळली की थापटायची आणि दाढेखाली धरायची! त्यानं सगळं पिंजर लांबच्या लांब खड्ड्याच्या तोंडात कोंबलं आणि हात झटकत ओरडला, "मंगल, डाळ भिजत घाल गं!"

"आदी चहा हुतोय काय बगूया," मंगल म्हणाली.

चहासुद्धा झाला नाही. दुसऱ्या दिवशी जाळ काजव्याएवढा आला. तिसऱ्या दिवशी मंगलनं काडीवर काडी ओढली, नुसता गंधकाचा वास. टोपी जी खाली बसली ती हलायचं नाव घेईना. परशराम उठता बसता तिच्यापाशी जायचा, कान लावायचा, बोटांनी टकटक करायचा.

"आप्पा, खड्ड्याला तंबाखू चढली जणू," मंगल म्हणाली. "चक्कर यून पडलाय."

 युवराज ओट्यावर उभा राहून फोनवर मोठ्यानं म्हणाला, "हां, जेसीबीचं पक्कं धर. व्हय, व्हय, खड्डाबी हाय."

पुढच्या रविवारी निवेदितानं खड्ड्यातल्या काल्यात कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आप्पा, किती चुना घातला?"

"लई न्हाय. घमेलंभर."

"घमेलंभर! आणि भिजवून किती दिवस ठेवलं?"

परशरामनं नजर चंद्रीकडं वळवली. चंद्रीनंही तोंड फिरवलं.

"मला सांगा, तंबाखूत चुना जास्त झाला तर तुम्ही काय करता?"

"तोंड सोलतंय. थुंकून टाकतो."

"खड्ड्याला थुंकता येत नाही, आप्पा. सगळं त्याच्या पोटातच राहिलं. आतले जंतू अर्धे मेले."

परशराम मटकन खाली बसला. आपल्या हातानं मारला म्हणजे! जेसीबीची गरजच उरली नाही. पण निवेदिता हार मानायला तयार नव्हती. तरंगणारं पिंजर आकड्यानं ओढून काढा, आतला थोडा काला उपसा, ताजं शेण पाणी घाला, असं सांगून ती म्हणाली, "आणि विरजण लागेल. दुसऱ्या कुणाच्या चालू खड्ड्यातला जिवंत काला. आहे का कुणाकडं?"

परशराम जसा बसला होता तसाच ताडकन उभा राहिला. "हाय की! माझी आक्का!"

परशरामची थोरली बहीण अक्काताई निपाणीजवळच्या गावात दिलेली. तिच्या दारात पाच म्हशी आणि भलामोठा गोबरगॅस. दुसऱ्याच दिवशी तो दुधाचा मोठा कॅन घेऊन तिच्या उंबऱ्यात हजर झाला. अक्काताईनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून पोट धरधरून हसली.

"परशा, भाऊ बहिणीला साडी घिऊन येत्यात, चोळी घिऊन येत्यात. तू शेणकाला न्यायला आलास व्हय रं?"

"हस, हस. देतीस काय न्हाय तेवढं सांग."

"देतो की. पर जत्रंला तुझ्याच खड्ड्यावरची पोळी खाणार. सिलेंडरवरची ताटात पडली तर तशीच माघारी येईन. ध्यानात ठेव."

म्हणजे तिथंही पैज लागली!

परतीच्या एसटीत परशराम कॅन दोन गुडघ्यांत धरून बसला. कंडक्टर तिकिटं फाडत आला, थबकला आणि नाक वर करून म्हणाला, "अज्जा, इदराग एनैत्री?" ह्याच्यात काय आहे?

परशरामनं क्षणभर विचार केला. शेण म्हणावं तर हा गाडीतून खाली उतरवणार. "हेप्पु री, हेप्पु," तो म्हणाला. हेप्पु म्हणजे कानडीत विरजण, आणि विरजणच होतं की ते.

"एवढं विरजण!" कंडक्टर आता मराठीत आला. "गावच्या तळ्याचं दही लावता काय?"

सगळी गाडी हसली. संकेश्वरच्या पुढं एक खड्डा लागला, गाडी आदळली, आणि फट्ट करून कॅनचं झाकण उडालं. आतला काला रस्ताभर हिंदकळून फसफसला होता. वासाचा असा लोट उठला की पुढच्या बाकावरची बाई पदर नाकाला लावून उभीच राहिली. खिडक्या धडाधड उघडल्या. कंडक्टर शिट्टी तोंडात धरून वाजवायचं विसरला. आणि परशराम? तो झाकण हातात धरून आनंदानं ओरडत होता, "जित्ता हाय! बगा, बगा, बुडबुडं! जित्ता हाय त्यो!"

विरजण लागू पडलं. काही दिवसांनी टोपीनं पुन्हा टाचा उचलल्या आणि सकाळचा चहा परत सुरू झाला. आता पिंजराची पाळी होती, आणि या वेळी मंगल पदर खोचून मध्ये पडली. पुरण तिला घालायचं होतं. शिवाय सासऱ्याचा उतावळेपणा ती चांगला ओळखून होती. तिनं स्वतः उभं राहून पिंजर कडबाकुट्टीच्या मशीनमधून बोटाच्या पेरापेराएवढं कापून घेतलं. चुना तिनंच मोजला. ताकासारखं पातळ पाणी केलं. परशराम जवळ उभा राहून "अजून एक ओंजळ, फकस्त एक" म्हणत राहिला, पण तिनं ऐकलं नाही. पिंजर त्यात बुडवलं, वरून ताडपत्री घातली, कडेनं दगड ठेवले.

"आता कधी उघडायचं?" परशरामनं लगेच विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, आठवडाभर मुरू दे."

"आठवडा! मंगल, एवढ्यात तर बाळंतीण उठून कामाला लागती!"

त्याला धरून ठेवणं एकट्या मंगलच्या हातचं नव्हतं. पण गाव तिच्या मदतीला आलं. जत्रेआधी पंचांनी वार पाळायला सांगितला. इकडच्या गावांची ही जुनी रीत. वार लागला की शेतात पाऊल टाकायचं नाही, कोयता, खुरपं, फावडं उचलायचं नाही, तव्यावर भाकरी टाकायची नाही. सगळ्या गावानं देवीसाठी हात बांधून बसायचं. या जत्रेला तर पंचांनी पुढचा सबंध आठवडा वार धरला. वार लागायच्या आदल्या संध्याकाळी मंगल हळदीकुंकवाचं ताट घेऊन परड्यात गेली आणि तिनं ताडपत्रीवर सरळ पाच बोटं उठवली.

"हे काय गं?"

"उद्या वार लागतोय, आप्पा. आता हे देवीच्या नावानं झाकलंय. वार सुटल्याबिगर हात लावायचा न्हाय."

"माझ्यावर देवीचा पहारा बसवलास व्हय गं?"

"माझं कुठं ऐकताय तुमी!"

काय ते दिवस काढले परशरामनं! चंद्रीला वैरण घालायची, शेण खड्ड्यात सोडायचं, आणि त्या ताडपत्रीला प्रदक्षिणा घालायच्या. एकदा तो वाकून ताडपत्रीच्या कडेला नाक लावत होता, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा गुंडू म्हणाला, "आप्पा, वार पाळताय का वास?" परशराम वाकल्या वाकल्या देवीला हात जोडून मोकळा झाला.

वार सुटला त्या सकाळी गावात पहिला कोंबडा आरवला तो परशरामच. मंगलनं ताडपत्री काढली. आतलं पिंजर पिवळंजर्द होऊन मऊ पडलं होतं. परशरामनं चिमूटभर उचलून तळहातावर घेतलं आणि सवयीनं अंगठ्यानं मळलं. काडी लोण्यासारखी पसरली.

"मंगल," त्याचा आवाज एकदम खाली आला, "हे बग गं. म्हातारीच्या बोळक्यालाबी चावंल."

चुन्याचं पाणी निथळून, शेणकाल्यात कालवून, रोज थोडं थोडं ते खड्ड्यात जाऊ लागलं. हात आखडता घ्यायला आता सांगावं लागत नव्हतं, त्याचं तोंड एकदा पोळलं होतं. आणि टोपी उठायला लागली. आधी टाचा, मग गुडघे, मग कंबर. परशरामनं कोळशानं तिच्या अंगावर रेघ ओढली. सकाळी रेघ वर गेलेली दिसली की तो गल्लीभर सांगत फिरायचा. मंगलचा चहा झाला, भात झाला, आमटी झाली, तरी टोपी खाली यायला राजी नव्हती. युवराज कामावर जाताना तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघायचा आणि गाडीला किक मारायचा.

जत्रेच्या आदल्या दिवसाची सकाळ उजाडली. अक्काताई लेकीसुनांना घेऊन आली ती पिशवी न ठेवताच परड्यात गेली. टोपी चांगली छातीपर्यंत वर आली होती. "लई माजलाय की रं तुझा खड्डा!" ती म्हणाली आणि खुर्ची मागवून शेगडीसमोरच ठाण मांडून बसली.

मंगलनं मोठं पातेलं चढवलं. निळा जाळ पातेल्याच्या बुडाला भिडून फुलासारखा उमलला. पाणी उकळलं, डाळ पडली, हळदीचा वास घरभर झाला. परशराम आत बाहेर, आत बाहेर करत होता.

आणि डाळ अर्धी शिजली असेल नसेल, जाळ नाचायला लागला. फुर्रर्र झाला, पिवळा पडला, उडी मारली आणि विझला.

 मंगलनं काडी ओढली. पेटला, दोन उचक्या दिल्या, परत विझला. अक्काताई खुर्चीतून पुढं झुकली. परशराम शेगडीपाशी उकिडवा बसला. एवढं सगळं करून अर्ध्या डाळीवर!

युवराजनं सिलेंडरकडं बघितलं. मग काहीतरी आठवल्यासारखा तो मागच्या दारानं परड्यात गेला. परशराम त्याच्या मागं धावला. टोपी तिथंच होती, छातीएवढी, रेघेच्या वर.

"आप्पा, गॅस भरपूर हाय," युवराज टोपीवर हात ठेवून म्हणाला. "मग आत का पोचंना?" तो खाली बसला, घरात जाणाऱ्या पाइपवर वीतवीतभर कान लावत गेला आणि भिंतीजवळच्या खोलगट जागी थांबला. "ऐका. गुळगुळतंय. पाणी साठलंय हितं. एवढा गॅस ह्या पाइपनं लई वर्सांनी बघितला! त्येच्या संगं वाफ आली, थंड झाली. पाना आणा माझा! गाडीच्या डिकीत हाय, लवकर!"

परशराम धावला. ह्या वयात माणूस एवढा पळतो हे गुंडूनं कुंपणावरून तोंड उघडं टाकून बघितलं. युवराजनं शर्टाची पर्वा न करता चिखलात गुडघे टेकले, तोटी बंद केली, जोड सैल केला. घळघळ करून घाण पाणी बाहेर आलं. मग त्यानं जोड परत आवळला, दात खाऊन एक शेवटचा पीळ दिला आणि तोटी सोडून ओरडला, "मंगल, लाव!"

आतून काडी ओढल्याचा आवाज. आणि मग भक्क!

"पेटला!" मंगल किंचाळली. "आधीपेक्षा मोठा!"

"पेटला रं परशा!" अक्काताईचा आवाज गल्लीपर्यंत गेला.

डाळ शिजली. गूळ पडला, पुरण घोटलं गेलं, आणि ज्या जाळावर पुरण झालं त्याच जाळावर मंगलनं तवा ठेवला. पहिली पोळी फुगली तेव्हा परशरामनं ती आधी कुणालाच दिली नाही. तो ती केळीच्या पानावर घेऊन परड्यात गेला, खड्ड्याच्या कडेला ठेवली आणि टोपी हातानं पुसली. दुसरी पोळी अक्काताईच्या ताटात पडली. तिनं तुपात बुडवून घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "माघारी जात न्हाय. ऱ्हातो आता जत्रा हुईस्तवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जेसीबी घरघरत उभा राहिला. वाजंत्री सुरू झाली होती, गल्लीत तोरणं लागत होती. परशराम खड्ड्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. पैज जिंकलेली असली तरी यंत्राचा काय भरवसा!

ड्रायव्हर वरून ओरडला, "कुठला खड्डा मुजवायचाय?"

युवराज नव्या कपड्यांत बाहेर आला. त्यानं गंजीशेजारची मोकळी जागा दाखवली.

"मुजवायचा न्हाय," तो म्हणाला. "हितं एक नवा काढायचाय. पिंजर भिजवायला."